बिजलीच्या मानेतली आंधळी चिप

मित्रांनो, तांदळाच्या दाण्याएवढी, काचेच्या कवचात बंद असलेली मी एक जुनी चिप आहे. वडवणीला जनावरांचा एक दवाखाना आहे. त्याच्या मागच्या बाभळीखाली मी मातीत पडून आहे. माझ्याभोवती एका कुत्रीची हाडे आहेत. तिचे नाव बिजली. माझ्या सामर्थ्याविषयी चौसाळ्यात आजही जे बोलले जाते, ते ऐकून एखाद्या लहानशा दैवताला हेवा वाटावा. त्यातले खरे फार थोडे आहे. आणि जे खरे नव्हते त्यानेच बिजलीचा जीव घेतला, म्हणून मी बोलत आहे. मला तोंड नाही, कान नाहीत, डोळे तर नाहीतच. पण आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूला एवढी सवलत सगळेच देतात, तुम्हीही द्या.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तांब्याच्या केसासारख्या तारेचे एक वेटोळे, सुईच्या टोकाएवढे एक सर्किट आणि त्यात कोरलेला पंधरा अंकांचा क्रमांक, एवढीच माझी विद्या. माझ्यात बॅटरी नाही. रीडर नावाचे यंत्र अगदी जवळ आणले, की त्याच्या लहरींनी मी क्षणभर जागी होते, क्रमांक सांगते आणि पुन्हा निजते. एकच पाठ केलेली ओळ आयुष्यभर म्हणणारे विद्वान तुम्ही पाहिले असतील. फरक इतकाच, की मी विचारल्याशिवाय बोलत नाही.

चौसाळ्याचे सुंदरराव म्हणजे मोठे जमीनदार आणि त्याहून मोठे पुढारी. नात राजनंदिनी हिच्यासाठी त्यांनी लातूरकडून कारवानी जातीचे एक पिल्लू आणले होते. लांब पायांची, सडपातळ, धावली की नजरेत न ठरणारी ती बिजली. ती मोठी झाल्यावर तिला आणि राजनंदिनीला घेऊन ते चिप बसवायला बीडला जनावरांच्या डॉक्टर वनमालाबाईंकडे गेले. एक जाडसर सुई, क्षणभराची कळ, आणि मी बिजलीच्या दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली जाऊन बसले. बिजलीने डोळे मिचकावले आणि राजनंदिनीचा हात चाटला. झाले.

"हिच्यात फक्त एक नंबर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या नंबरापुढे तुमचं नाव आणि फोन तुम्हीच संकेतस्थळावर नोंदवायचाय. तो आपोआप नोंदला जात नाही. आणि गळ्यातला पट्टा काढू नका."

"म्हंजे ती कुठं हाय ते मोबाईलवर दिसंल ना?"

"नाही. दिसणार नाही."

"बरं, बरं," सुंदरराव म्हणाले. मतदारांची निवेदने ते ज्या सुरात स्वीकारत, तोच हा सूर होता.

गाडीत बसल्यावर त्यांनी बिजलीचा पट्टा सोडला. त्यावर पितळेची पट्टी होती आणि तिच्यावर घरचा फोन नंबर ठोकलेला होता. "आता याचं काय काम? चिप हाय की."

"आबा, डॉक्टर म्हणल्या काढू नका," राजनंदिनी म्हणाली.

"डॉक्टर लोकं अर्धंच सांगतेत बाळा. समदं दिसतंय त्याच्यात."

पट्टा ओसरीवरच्या खुंटीला गेला. नाव नोंदवण्याचे काम 'करू की' या प्रशस्त खात्यात गेले, आणि तेथून काही परत आले नाही. घरी वत्सलाबाईंनी, म्हणजे राजनंदिनीच्या आजीने, मानेत करंट असणार असे ठरवून नातीला बिजलीच्या गळ्यात पडायला मनाई केली. मित्रांनो, माझ्यात करंट नसतो. पण अज्ञान जोवर मायेपोटी असते तोवर ते सहन करता येते. सुंदररावांना माझा उपयोग सापडला, तिथे माझी खरी बदनामी सुरू झाली.

त्यांच्या शेतावर ऊसतोड मजूर पावसाळाभर कामाला असत आणि दिवाळीनंतर टोळी करून दूरच्या साखर कारखान्याकडे जात. त्यांत बायनाबाई होती. पिल्लू असल्यापासून बिजली दुपारी तिच्यापुढे जाऊन बसे, आणि बायनाबाई आपल्या भाकरीचा कोपरा तिला मोडून देई. एके दिवशी बायका चिंचेखाली जेवत असता सुंदरराव बांधावर येऊन उभे राहिले.

"बिजलीच्या मानेत मशीन बसवलंय," ते म्हणाले. "कोण काय बोलतंय, कोण किती येळ बसतंय, समदं माझ्या मोबाईलवर येतंय. ध्यानात ठिवा."

"आगं बया!" एक बाई हळूच म्हणाली. "मंग माज्या नवऱ्याचं घोरणं बी आईकत असतील मालक."

हसू फुटले, आणि बिजलीने मान वर करताच विझले. त्या दिवसापासून बिजली आली की बोलणे थांबे. भाकरीचा कोपरा थांबला. पुढे पुढे ढेकळे येऊ लागली. का, हे तिला कळले नाही. कुत्र्याला राजकारण कळत नाही, ही त्या जातीची थोरवी आहे. पूर्वीचे राजे हेर पाळत. सुंदररावांनी एक अफवा पाळली. अफवेला खायला घालावे लागत नाही.

दिवाळी झाली. गावच्या निवडणुकीत सुंदररावांचे पॅनल निवडून आले. फाटकापाशी फटाक्यांची लांबच लांब लड पेटली, गुलाल उडाला, आणि त्या कडकडाटात बिजली कुंपणावरून उडी घेऊन पळाली. गळा मोकळा होता. महामार्गावर एका गाडीने तिला उडवले. मागचे पाय निकामी झाले. ती सरपटत रस्त्याकडेच्या मोरीपाशी जाऊन पडली.

"आबा, मोबाईलवर बघा ना कुठंय ती!" राजनंदिनी रडत होती.

सुंदररावांनी मोबाईल काढला. पडद्यावर हार घातलेला त्यांचाच फोटो होता. तो त्यांनी नीट पाहिला. "दिसतीय. जवळच हाय. येईल," ते म्हणाले. मग गावात निरोप फिरवला: "बिजली कुणापाशी हाय ते मला दिसतंय. ज्यानं नेली त्यानं गुमान आणून सोडावी."

मित्रांनो, या निरोपाचा परिणाम पाहा. मोरीवरून गाव जात होते, येत होते. बिजली सगळ्यांना दिसत होती. तिला हात लावायला किंवा ती दिसली असे सुंदररावांना सांगायला कोणी धजावत नव्हते. जो हात लावील तो मोबाईलवर चोर म्हणून उमटेल, अशी सर्वांची खात्री झाली होती.

संध्याकाळी बायनाबाई आणि तिचा नवरा तानाजी तिथे आले. दुसऱ्या दिवशी त्यांची टोळी ट्रकने निघणार होती. डोक्यावर गाठोडी होती.

"हात लावू नगं," तानाजी म्हणाला.

"अवो, मरंल ती."

"तू हात लावला की आपलंच नाव दिसंल तिथं. चोर म्हणून मुकादमानं टोळीतून काढलं तर? लेकरं घिऊन कुठं जायाचं?"

बायनाबाईने दुरूनच पत्र्याच्या डब्यात पाणी ओतले आणि काठीने तो डबा पुढे सरकवला. बिजली पाण्याकडे नाही, तिच्याकडे पाहत राहिली. मी तिच्या मानेत होते. मी काहीही पाठवत नव्हते. कोणालाही, कुठेही, एक अक्षरही नाही.

सकाळी ट्रक भरला जात असताना बायनाबाई एकटीच सुंदररावांच्या फाटकाशी गेली. ओसरीवर अभिनंदनाला आलेली माणसे बसली होती. राजनंदिनी पायरीवर होती.

"मालक, बिजली मोरीपाशी पडलीय. पाय मोडलेत."

सुंदररावांचा चेहरा बदलला. "तुला काय ठावं? तूच नेली व्हतीस काय? मला दिसत व्हतं, तुमच्या पालाकडंच व्हती ती!"

 बायनाबाईच्या मागे ट्रकचा भोंगा वाजत होता. मग तिने मान वर केली.

"तुमाला दिसत व्हतं?"

"मंग? समदं दिसतंय."

"मंग मालक, रातभर तिला तिथं का म्हून पडू दिली?"

 राजनंदिनीने आजोबांकडे पाहिले. आता सुंदररावांपुढे दोनच वाटा होत्या. 'मला काही दिसत नव्हते, दिसणारच नव्हते, मी खोटे बोललो' असे म्हणायचे; नाहीतर दिसत असूनही आपण तिला रात्रभर पडू दिले, हे मान्य करायचे. खोटारडा ठरण्यापेक्षा निर्दय ठरणे त्यांना परवडणारे वाटले.

"दिसत व्हतं," ते म्हणाले. "कामात व्हतो."

बायनाबाईने पदर कमरेला खोचला आणि ती ट्रककडे निघून गेली. राजनंदिनी मात्र मोरीकडे धावली. बिजली तिथे नव्हती. पाण्याचा डबा भरलेलाच होता. समोरच्या चहावाल्याने सांगितले, "आत्ताच वडवणीच्या टेम्पोवाल्यानं उचलून नेली. परका माणूस, त्याला काय ठावं चिपचं!"

त्या परक्या माणसाला माझी कीर्ती ठाऊक नव्हती, म्हणून त्याच्या हाती दया शिल्लक होती. वडवणीच्या दवाखान्यात डॉक्टर अजिनाथ यांनी रीडर आणला आणि बिजलीच्या मानेवरून, खांद्यावरून फिरवला. मी जागी झाले. माझ्या आयुष्यातले माझे एकमेव काम मी निर्दोष केले: पंधरा अंक सांगितले. डॉक्टरांनी संकेतस्थळावर क्रमांक शोधला. त्यापुढे नाव नव्हते, फोन नव्हता. त्यांनी बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहिले. कोणाला बोलवायचे? उपचार चालू असतानाच बिजली गेली.

राजनंदिनी पोहोचली तेव्हा बाभळीखाली माती ओली होती. तिच्या हातात घरच्या खुंटीवरून आणलेला पट्टा होता. पितळेच्या पट्टीवरचा नंबर अजून स्वच्छ वाचता येत होता. डॉक्टरांनी तो वाचला आणि पट्टा तिला परत दिला.

पुढे सुंदररावांनी नवे पिल्लू आणले आणि वनमालाबाईंना सांगितले, "ह्या टायमाला चांगली बसवा. मोबाईलवर दिसणारी." राजनंदिनीने मात्र तोच पट्टा पिल्लाच्या गळ्यात बांधला, आणि दवाखान्यातून उठण्याआधी नव्या क्रमांकापुढे नाव आणि फोन तिने स्वतः भरला. आजोबांशी ती त्या दिवशी बोलली नाही. अजूनही मोजकेच बोलते. ऊसतोडीच्या फडावर बायनाबाई सगळ्यांना सांगते, की मालकाला समदं दिसत व्हतं. तिला खरे कोणी सांगितलेच नाही. माझ्या नावाने रचलेले खोटे माझ्यापेक्षा, बिजलीपेक्षा आणि कदाचित सुंदररावांपेक्षाही जास्त जगेल.

म्हणून मित्रांनो, एवढे करा. आपल्या मुक्या सोबत्याच्या गळ्यात पट्टा असू द्या, माझ्या क्रमांकापुढे आपले नाव असू द्या, आणि फोन बदलला तर तोही बदला. रस्त्यात एखादे जनावर पडलेले दिसले तर त्याला उचला. मी कोणाचे नाव सांगत नाही. आणि न कळलेल्या यंत्राच्या नावाने कोणी तुम्हाला भिववू लागला, तर घाबरू नका. शांतपणे त्याच्यासमोर उभे राहा आणि म्हणा: दाखवा मोबाईल.

बायनाबाई तिथवर पोहोचली होती. तिचे एवढेच विचारायचे राहिले.