एकोणीस किरिस्ताव आणि एक बैल

चुडामण पाटलाचा ढवळ्या किरिस्ताव झाला तो दिवस मला पक्का आठवतो. एकाहत्तर सालचा मार्च महिना, रविवार, सकाळचे नऊ. ग्रामपंचायतीसमोर अख्खं गाव लोटलं होतं. बाया ओट्यांवर, पोरं निंबाच्या फांद्यांवर, आणि मधोमध घोंगडीवर नुकतेच गावात उतरलेले हळदेबाबा. कपाळाला हळद, दाढीला हळद, हात तर कोपरापर्यंत पिवळेजर्द. समोर परातीत ओली हळद, डावीकडे एक तांब्या, उजवीकडे एक तांब्या आणि टोपलीभर लिंबं.

"रविवारी उठत नाही म्हणतोस?" बाबांनी बैलाकडे रोखून पाहिलं.

"नही ना बाबा," चुडामण काकुळतीला आला. "सोमवारपाशीन शनवारलोंग गडीसारखा राबस. रविवार उजाडना का बठी जास."

"रविवारी कोण बसतो? गोरा साहेब बसतो! मिशनच्या दवाखान्यात पाणी प्याला होता का हा?"

चुडामणचा चेहरा पडला. गावातल्याच झुलालच्या बायकोला बाळंतपणासाठी मिशनच्या दवाखान्यात नेलं ते त्याच्याच गाडीतून. तिथल्या हौदावर ढवळ्या पोटभर पाणी प्याला होता.

"पन बाबा, पोळाले पुरनपोळी खास तो. पक्का हिंदू शे."

बाबांनी परात पुढे ओढली. ढवळ्याच्या कपाळावर मूठभर हळद चोळली, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि डावीकडच्या तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली.

"किरिस्ताव!" बाबा गरजले.

"बैल किरिस्ताव व्हयना!" गाव ओरडलं. एका म्हातारीनं ढवळ्यालाच हात जोडले, काय समजून ते तिलाच ठाऊक. ढवळ्या शांतपणे रवंथ करत होता.

मला हसू आवरेना. हसायचा हक्क मला इतरांपेक्षा जरा जास्तच होता. मी या गावचा शिक्षक, शांतवन सोनवणे, आणि गावातला एकुलता एक ख्रिस्ती. ख्रिस्ती आई-बापांच्या पोटी जन्मूनसुद्धा मला बाप्तिस्मा मिळाला तो सतराव्या वर्षी. सहा महिने शिकलो, मग पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर प्रश्न विचारले, "हे तू स्वतःच्या मनानं करतो आहेस ना?" असं तीनदा खोदून विचारलं. पहिल्या खेपेला तर मी नापास झालो होतो. आणि चुडामणचा बैल हौदावर दोन घोट पिऊन पहिल्याच फटक्यात पास!

आठवडाभरात बाबांनी गावात एकोणीस किरिस्ताव शोधून काढले होते. त्या एकोणिसांत मी नव्हतो. गावानं बाबांना माझ्याबद्दल सांगितलंच नव्हतं, कारण कुणाला ते सुचलंच नाही. किरिस्ताव म्हणजे टोपवाला, पाव खाणारा, इंग्रजी फाडणारा. मी गांधी टोपी घालतो, कळण्याची भाकरी खातो आणि माझं इंग्रजी कसं आहे ते तपासनीस साहेबांना विचारा.

बाबांनी किरिस्तावाची लक्षणंही जाहीर केली होती. रविवारी आळस येतो, पावाचा वास आवडतो, झोपेत माणूस 'यस' म्हणतो. लीलाधरच्या हॉटेलातली बिस्किटांची बरणी भरलेलीच राहू लागली. दोन पालक शाळेत आले आणि रविवारची सुट्टी बंद करा म्हणाले. मी म्हटलं, तेवढ्यासाठी दिल्लीला अर्ज करावा लागेल.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण त्या एकोणिसांतली पहिली होती झुलालची बायको भागाबाई.

तिचं बाळंतपण फार अवघड झालं होतं. दवाखान्यात तिला सलाईन लावलं म्हणून ती वाचली. निघताना डॉक्टरीणबाईंनी लाल गोळ्या दिल्या आणि झुलालला बजावलं, अंगात रक्त नाही, दोन महिने गोळ्या चुकवू नका, भरपूर खायला घाला. ती लेक घेऊन घरी आली आणि तिसऱ्या दिवशी बाबा गावात आले. त्यांनी तिच्या हातावर हळद लावली, पाणी ओतलं. लाल! सलाईन म्हणजे येशूचं पाणी, आणि गोळ्या म्हणजे त्याचं रक्त. 'किरिस्ताव देवळात रक्त पितात, त्याच्याच या सुकवलेल्या गोळ्या,' असं बाबांनी सांगितलं. शुद्धी एकेचाळीस दिवसांची. तोवर मुक्काम गोठ्यात, आहार निंबाच्या पाल्याचं पाणी आणि एकवेळ कोरडी भाकरी. एकेचाळिसाव्या दिवशी बाबा लिंबानं हात धुऊन पुन्हा पिवळा करणार. दक्षिणा सव्वा शेर तूप.

आमच्या देवळात द्राक्षाच्या रसाचा एक घोट घेतात, तोही आठवण म्हणून. हे मी झुलालला दोनदा सांगितलं. तो मान खाली घालून म्हणायचा, "माय ऐकत नही, गुरुजी."

त्याच आठवड्यात जनगणना चालू होती आणि गावाची मोजणी माझ्याकडे होती. बिल्ला लावून, पिशवी घेऊन मी झुलालच्या ओट्यावर बसलो. त्याची आई यशोदाबाई पुढे झाली.

"सुनेचा धर्म?" मी विचारलं.

"लिखी ल्या, किरिस्ताव."

"यशोदाअक्का, ज्याचं त्यानं सांगायचं असतं. सरकारचा तसा नियम आहे."

मी गोठ्याच्या दाराशी गेलो. भागाबाई गव्हाणीला टेकून बसली होती. ओठ पांढरे पडलेले. मांडीवरची पोर रडत होती, पण रडण्याला जोर नव्हता.

"भागाबाई, धर्म कोणता लिहू?"

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "माले कोनीच इचारं नही ना आजलोंग," ती म्हणाली. "मी जी व्हतू तीच शे, गुरुजी. पन आते दूध आटी ऱ्हायनं."

खरं सांगतो, मला भीती वाटली. एकेचाळीस दिवस हे दोन जीव काढणार नव्हते, आणि मी मात्र बैलावर हसत बसलो होतो.

तिथून मी सायरबाईंकडे गेलो. त्यांच्या मालकांचं किराणा दुकान, आणि पापडांबाबत सायरबाईंचा शब्द गावात शेवटचा. पीठ भिजवण्यासाठी त्यांनी पापडखाराचं पाणी करून ठेवलं होतं. बोटाला विळी लागली होती म्हणून त्यावर हळद दाबलेली. माझ्या प्रश्नांना उत्तरं देता देता त्यांनी हात पाण्यात घातला आणि बाहेर काढला. बोट लालभडक.

"सायरबाई, रक्त!"

"कसानं रक्त, गुरुजी? हळदले खार लागना का लालच व्हस. दर सालले मना हात असाच ऱ्हातस." त्या हसल्या आणि मग एकदम हसायच्या थांबल्या. "थांबा. त्या बाबानी शिधामा दोनदा पापडखार मांगा आम्हना दुकानवर. पापड कोन लाटस त्याना घर?"

बोट न पुसताच त्यांनी पितळी डब्यात पापडखार भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा दरबार भरला तेव्हा मी बिल्ला लावून पुढे उभा होतो. मागे सायरबाई, पदराखाली पितळी डबा. ठरलं होतं इतकंच की बाबांनी आमच्यासमोर नव्या पाण्यानं परीक्षा घ्यावी, असं म्हणायचं. पण बाबांची नजर माझ्या बिल्ल्यावर गेली. सरकारी माणूस दिसला आणि त्यांचा चेहरा लोण्यासारखा झाला.

"या, या, गुरुजी! लोकांना निर्मळ हात कसा असतो ते दाखवू." मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात ओढला, हळद चोळली आणि या वेळी उजवीकडचा तांब्या उचलला. हात पिवळाच राहिला. बाबांनी तो उंच धरला. "बघा! याच्या सात पिढ्यांवर किरिस्तावाची सावलीसुद्धा पडलेली नाही!"

चुडामणनं भीतभीत विचारलं, "बाबा, पन गुरुजी तं किरिस्तावच शेत ना?"

"कोण? हे?" बाबा माझ्या गांधी टोपीकडे बघत राहिले.

"हां ना! दर नाताळले आम्हना घर करंज्या धाडतस."

पहिल्यांदा निंबावरची पोरं हसली, मग ओट्यांवरच्या बाया, मग सगळं गाव. बाबांनी माझा हात तापल्या तव्यासारखा सोडून दिला. पण गडी पक्का होता. "जन्माच्या किरिस्तावावर मंत्र उलटा चालतो!" ते ओरडले. आणि तुम्हाला खोटं वाटेल, दोन-चार माना डोलल्यासुद्धा.

"मंग मनावर चालाडा," सायरबाई पुढे आल्या. "आम्ही जैन. आम्हनावर सुलटा चालस का उलटा?"

बाबांच्या उत्तराची वाट न बघता त्यांनी डबा उघडला. गावच्या विहिरीचं पाणी मागवलं, त्यात पापडखार ढवळला, स्वतःच्या तळव्यावर हळद लावली आणि वरून पाणी सोडलं. लाल. मग बाबांच्या डावीकडच्या तांब्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"हाऊ आम्हना दुकानना खार शे," त्या म्हणाल्या. "देखा व, चाखी देखा!"

गावातल्या बायांनी जन्मभर पापड लाटलेले. एकेक जण पुढे आली, जिभेला बोट लावून मागे सरली, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर तीच ओळख पटल्याची खूण. पुरुष मात्र अजून गोंधळलेले, कारण पापड त्यांनी फक्त खाल्ले होते. बाबा उठून चालू लागले, तेव्हा सायरबाईंनी उरलेलं सगळं पाणी त्यांच्या हातांवर ओतलं. बाबा कोपरापर्यंत किरिस्ताव झाले. मग त्यांच्याच टोपलीतलं लिंबू पिळलं, तिथे पुन्हा पिवळे.

"ल्या, शुद्ध बी व्हयना. सव्वा शेर तूप काढा आते!"

बाबा दुपारच्या यष्टीनं गेले. हळदीची परात ते विसरले.

"पन गुरुजी," चुडामण अजून अडलेला होता, "ढवळ्या रविवारलेच काबरं बठस?"

"शनिवारी काय करतो तो?"

"शनवारले? बाजारले जास. भरेल गाडी, जानं-येनं बारा कोस." एवढं बोलून तो थांबला. बैल थकतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

यशोदाबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी हळद घेतली, साध्या पाण्याचा तांब्या घेतला आणि तडक गोठ्याकडे निघाल्या. मागून झुलाल, मागून मी.

"दे व हात," त्या सुनेला म्हणाल्या. "साधं पानी शे. पिवळाच ऱ्हाई. मंग घरमा चाल."

भागाबाईनं दोन्ही हात लेकीखाली घट्ट धरले.

"नही देस मी. पिवळा व्हयना तं घरनी, लाल व्हयना तं गोठानी? उद्या आखो कोनी येई, आखो काही चोळी. हात नका देखा, आत्याबाई. माले इचारा."

यशोदाबाई तांब्या धरून तशाच उभ्या. "काय इचारू?"

"पह्यले इचारा, जेवनी का."

यशोदाबाईंनी तांब्या खाली ठेवला. मग अगदी हळू, जणू आयुष्यात पहिल्यांदाच हे विचारत असल्यासारखं, त्यांनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता नातीला उचलून सुनेला घरात जेवायला घेऊन गेल्या. गोळ्यांची बाटली त्यांनी फेकली नव्हती. दादर ज्वारीच्या कोठीत दडवून ठेवली होती. ती झुलालनं काढली. चौथ्या दिवशी मी पुन्हा गेलो तेव्हा पोर चांगली टाहो फोडून रडत होती, आणि तो आवाज ऐकून मला फार बरं वाटलं.

वाचकहो, पापडखार कुणाच्याही घरी असतो. आज घरी जाऊन बोटाला हळद लावा, खाराच्या पाण्यात बुडवा, आणि लाल झालं तर घाबरू नका. वरून लिंबू पिळा. तुमच्या धर्माचं काही बिघडणार नाही. पाण्यानं, पावानं, सलाईननं कुणी ख्रिस्ती होत नाही. मी झालो, मला माहीत आहे. आणि माणूस कोण आहे हे कळायला हळद लागत नाही, तांब्या लागत नाही, बाबा तर नाहीच नाही. ते त्यालाच विचारावं. पण त्याच्याही आधी तो जेवला का, ते विचारावं.