लंडनच्या वाटेतली नदी

इंग्रज गेले, त्याला वर्ष झालं आणि आमचा उकंड त्यांच्या गावाला निघाला. लंडनच्या डॉक्टरी कॉलेजात जागा मिळाली होती. चिखलीच्या कापूसबाजारात जो भेटेल त्याला मी ऐकवत होतो, "मुंबई ते लंडन पाच हजार मैल, भाऊ! विमानानं!"

घरात मात्र सुभद्रा, म्हणजे आमची मंडळी, गप्प. आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत. हा जगावा म्हणून जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचलला, म्हणून नाव उकंडराव. त्या एकुलत्या एकाला धाडताना तिच्या जिवाचं पाणी होणारच, हे मलाही कळत होतं. पण कॉलेजाचं पत्र उशिरा आलेलं. बोटीनं गेला तर जागा जाणार. आणि पोरगा माझ्याच वळणाचा हट्टी.

"मायनं हातावर दही ठेवल्याबिगर मी उंबरा ओलांडत नाही."

मलकापूर स्टेशनची सकाळची मोटर अशीच गेली. दुपारची शेवटची चौकात उभी होती, आणि सुभद्रा दह्याची वाटी घेऊन चुलीपाशी बसलेली. माझं डोकं फिरलं.

"अवो, पाच हजार मैल म्हणजे आजकाल काहीच नाही!"

"मैल नोका सांगू मले," ती म्हणाली. मग पोराकडे वळली. "पोचाले किती येळ लागते रे?"

"मुंबईहून दीड दिवस. आज निघालो तं चवथ्या दिवशी लंडनात."

"आन मी बलावलं तं?"

"तसाच चार दिवसांत तुह्या पुढ्यात."

तिनं वाटीतलं दही ढवळलं. "रस्त्यात नदी लागते का?"

आता मला कळलं. तिचं माहेर बारा कोसांवर, पैनगंगेच्या पलीकडे. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला तेव्हा मी लगेच गाडी जुंपली होती, पण नदी दुथडी भरलेली. समोर गाव दिसत होतं आणि आम्ही काठावर बसून होतो. पाच दिवसांनी उतार मिळाला, तोवर राखसुद्धा सावडून झाली होती. त्यावर ती कधी बोलली नाही. मला वाटलं, विसरली. मी एक मूर्ख!

"समुद्र लागते, माय," उकंड म्हणाला. "पण इमान त्याच्या वरून जाते. पुरानं थांबत नाही."

"मंग माह्या माहेराहून जवळच हाय," ती म्हणाली आणि उठली. त्याच्या तळहातावर दही ठेवलं, तोंडावरून हात फिरवला. "बलावलं की ये बरं, राजा."

मोटर सुटली. धूळ खाली बसली तरी मी रस्त्यातच उभा होतो. डोळ्यांना धार लागली होती, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"पाच हजार मैल, सुभद्रा," मी म्हणालो.

"चार दिवस," ती म्हणाली, आणि दह्याची वाटी घासायला बसली.