सरांच्या खुर्चीतली झोप

संशोधक पोरगी पार कावली होती. आठ महिने तिचा एकच प्रयोग चालला होता. कॅन्सरच्या पेशींची एक डिश काचेच्या पेटीत, भुलीच्या वायूत. दुसरी शेजारच्या पेटीत, साध्या हवेत. ऑपरेशनच्या वेळी रोगी जो वायू हुंगतो, त्याने मागे उरलेल्या पेशींना जोर चढतो का, एवढंच तिला बघायचं होतं. प्राणवायू कमी पडला की तग धरायला पेशी एक प्रथिन बनवतात. ते वायूतल्या डिशमध्ये वाढायचं. पण मेलं साध्या हवेतल्या डिशमध्येही वाढायचं!

"तुझंच काहीतरी चुकतंय," असं म्हणून सर दोन पेट्यांमधल्या खुर्चीत तिचा प्रबंध वाचायला बसायचे, आणि बघता बघता त्यांची मान कलायची. वय झालं, म्हणून सगळे दबक्या पावलांनी वावरायचे.

एका दुपारी सरांना न्यायला त्यांची बायको आली. सर मीटिंगमध्ये अडकलेले. काकू त्याच खुर्चीत टेकल्या आणि गाऱ्हाणं सुरू झालं. "अगं, दहा वर्षांत मला धड झोप नाही. गोळ्या झाल्या, काढे झाले. हे खुशाल घोरतात, आणि मी पंख्याची पाती मोज..."

पुढचा शब्द आलाच नाही. पोरीने वळून पाहिलं, तर काकू तोंड उघडं टाकून गाढ!

आधी तिला हसू फुटलं, मग याच खुर्चीत कलणारी सरांची मान आठवली. तिने वायू बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि काकूंना खुर्चीसकट बाहेर ओढलं. खुर्चीमागच्या नळीच्या सांध्याला साबणाचं पाणी लावलं, तर भराभर फुगे आले. वायू खुर्चीभोवती साचून शेजारच्या साध्या पेटीतही शिरत होता.

तेवढ्यात सर आले. "हिला झोप लागली? काय दिलंस हिला?"

"जे आठ महिने तुम्हाला देतेय तेच, सर."

काकूंनी एक डोळा उघडला. "गप बसा हो दोघं. पाच मिनिटं."

डॉक्टरांनी सर आणि काकू, दोघांनाही तपासलं. काही बिघडलं नव्हतं. नळी बदलून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा प्रथिन फक्त वायूतल्या डिशमध्ये वाढलं. पोरगी टेबलाला धरून रडली.

"म्हणजे ऑपरेशनला भूल घ्यायची नाही?" काकूंनी घाबरून विचारलं.

"घ्यायची हो! डिशमध्ये झालं ते माणसात होतंच असं नाही. ते कळायला हजारो रोगी बघावे लागतील. वर्षं जातील."

काकूंनी तिला नीट न्याहाळलं.

"मग आधी जेवून घे," त्या म्हणाल्या.