शिवलीलाचा नकाशा

कर्नाटकातल्या हावेरीजवळच्या आमच्या शाळेत शिवलीला आठवीत होती तेव्हाची गोष्ट. गणित असो की विज्ञान, प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार. कुणी साहेब तपासणीला आले की मीही तिलाच उभी करायची. बाकीच्या पोरांनी हात वर करणं कधीच सोडलं होतं, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

दुपारी गंगव्वाने शिजवलेलं जेवून ताटं धुतली की नळाखाली पाणी साचायचं, चिखल व्हायचा. शिवलीलाने एकटीने नकाशा काढला. नळापासून मागच्या पडीक जागेपर्यंत चर, पुढे वांग्यांचे वाफे, सगळं मापासकट. हेडसर खूश झाले. इकडे शाळेतल्या बाईंना सगळे अक्कोरू म्हणतात.

"अक्कोरू, उद्या अख्खा वर्ग लावा खणायला."

"नको सर," मी म्हटलं. "काम तिचं आहे, माणसंही तिलाच जमवू दे."

तिने कुणाला विचारलंच नाही. तीन दिवस मधल्या सुट्टीत एकटीच कुदळ मारत राहिली. तळहाताला फोड आले, तेव्हा मी तिला जवळ बसवून हळद लावली.

"कुणाला हाक का मारत नाहीस गं?"

"समजावत बसण्यापेक्षा मीच केलेलं बरं, अक्कोरू." मग हळूच म्हणाली, "आणि आलेच नाहीत तर?"

चौथ्या दिवशी काशव्वा चराजवळ येऊन उभी राहिली. एकदा नापास झालेली, शेवटच्या बाकावरची. घरचं मिरचीचं रान, त्याला पाणी पाजायचं काम तिचं.

"इथनं पाणी जायचं नाही," ती म्हणाली. "स्वयंपाकखोलीत शिरेल. गंगव्वा उलथनं घेऊन मागे लागेल तुझ्या."

"मी मोजलंय."

"मोज की. पाणी काय तुझी वही वाचतंय?"

पोरी हसल्या. शिवलीला कुदळ टाकून वर्गात निघून गेली. तिच्यामागे जावंसं वाटत होतं, पण मी थांबले.

दुसऱ्या दिवशी लवकर आले, तर ती चरात घागर ओतत होती. पाणी थोडं पुढे गेलं, रेंगाळलं आणि वळून स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्याकडे निघालं. ती बराच वेळ बघत बसली.

प्रार्थनेनंतर ती आपणहून वर्गापुढे उभी राहिली.

"माझी रेघ चुकली. काशव्वाचं बरोबर होतं. मला... मला मदत लागेल."

काशव्वा उठली. "चल, दाखवते. पण माती तू उचलायची."

तिच्यामागे आणखी चौघं उठली, दुपारपर्यंत निम्मा वर्ग.

शिवलीला आता विचारत फिरायची. महांतेशला दगड रचायला आवडतं हे तिनेच हेरलं आणि वळणावरचं काम त्याला दिलं. फरशीचा तुकडा सरकवून पाणी आलटून पालटून दोन वाफ्यांत सोडायची युक्ती तिची. तो कुठे बसवायचा ते काशव्वा ठरवायची. दोघी भांडायच्या आणि पुन्हा शेजारी वाकून बसायच्या.

एकदा हात धुताना शिवलीलाने विचारलं, "अक्कोरू, चुकलं म्हणताना तुमचेही पाय थरथरतात?"

"थरथरतात की. अजूनही."

तिला बरं वाटलेलं दिसलं.

वांगी धरली, गंगव्वाने सांबारात घातली. काही किडकी निघाली. किडीवर काय मारायचं यावरून नवं भांडण सुरू झालं. या वेळी अख्खा वर्ग भांडत होता.