उंदरांचा उपवास

दर शुक्रवारी अदिबाच्या उंदरांची साखर उतरायची आणि पंचशीलाचा पारा चढायचा. चढणार नाही तर काय हो! दोघी बीडजवळच्या एकाच फार्मसी कॉलेजात एम.फार्म.ला, दोघींचे सर एकच, अभिमन्यू सर, आणि कामही सारखंच. इंजेक्शन देऊन मधुमेह लावलेले पांढरे उंदीर, त्यांना अठ्ठावीस दिवस वनस्पतीचा अर्क पाजायचा आणि रक्तातली साखर उतरते का बघायचं. पंचशीलाचा तरवड, अदिबाची जांभळाची बी. जिचा अर्क सरस ठरेल तिचं नाव सर पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीला पाठवणार होते. नाव एकच जाणार होतं.

आणि मेहनत कुणाची? पंचशीलानं भर उन्हात मांजरसुंब्याच्या डोंगरावर तरवडाची पिवळी फुलं वेचली होती. अदिबाचे अब्बा मैनुद्दीन फळवाले, म्हणजे बियांची पिशवी घरपोच. ‘हिला बसल्या जागी बी मिळती, अन् साखरबी हिचीच उतरती!’ पंचशीलाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

दुसऱ्या शुक्रवारी अदिबाच्या उंदरांची साखर एकशे साठ आणि पंचशीलाच्या उंदरांची तीनशेच्या वर. सर म्हणाले, “वा, अदिबा!” झालं, पंचशीलाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. अदिबानं आपल्या डब्यातला खिमा पुढं केला तर ही म्हणाली, “पोट भरलंय माझं.” भरलं होतंच म्हणा, पण कशानं ते सांगायला नको.

मग हिला नादच लागला. अदिबा चहाला गेली की हिनं तिची वही उघडायची आणि खाडाखोड शोधायची. एकही सापडली नाही, त्यानं तर जास्तच जळफळाट झाला. आता खरं सांगायचं, तर शोधण्यासारखं हिच्याच वहीत होतं. तुलनेसाठी काही उंदरांना मधुमेहाची बाजारातली गोळी देत असत. हिच्याकडं त्यांचीही साखर चढलेलीच. एवढी नावाजलेली गोळी एकाएकी कशी हरेल, बाई? पण पंचशीलानं मशीन बिघडलंय म्हणून पान उलटलं आणि पुन्हा अदिबाची वही ओढली.

अठ्ठाविसावा दिवस शुक्रवारीच आला. शेवटची साखर मोजली, नियमाप्रमाणं उंदीर भूल देऊन मारले आणि त्यांचे अवयव बाटल्यांत गेले. अदिबा जिंकल्यातच जमा होती. त्याच दुपारी पंचशीला सरांच्या खोलीत शिरली.

“सर, अदिबा आकडे बसवती. इतकी साखर कुठं उतरत असती का?”

सरांनी अदिबाला बोलावलं आणि पिंजऱ्यांची देखभाल करणाऱ्या मालनमावशींनाही. शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी साखर मोजायची म्हणजे गुरुवारी संध्याकाळीच उंदरांचं खाद्य काढून घ्यायचं असे, आणि ते काम मावशींचं.

“मावशी, गुरुवारी नेमकं काय करता, सांगा बरं.”

“काय करणार? अदिबाताई म्हणली, माझ्या उंदरांचा रोजा हाय, पाणी तेवढं ऱ्हाऊ द्या. आमच्या शेजारची आमिनाबी रोजे धरती, मला म्हाईत हाय. तोंडात कण न्हाई घालायचा. म्या खाद्य काढून घेतलं.”

“आणि पंचशीलाचे?”

“त्यांच्या पिंजऱ्यावर चिठ्ठी असायची, ‘आज उपवास’. गुरवारी माझाबी उपवास असतो. म्या खाद्य काढलं, अन् डब्यातली साबुदाण्याची खिचडी घातली सगळ्यांना थोडी थोडी.” सरांनी कपाळाला हात लावला तशा मावशी गोंधळल्या. “कावून, काय झालं? उपवासाला चालती की!”

सरांनी पंचशीलाची वही ओढली. त्यांचं बोट गोळीवाल्या उंदरांच्या रकान्यावर थांबलं.

“हे तुला दिसलं नाही?”

पंचशीलाला दिसलं होतं. दोन हप्त्यांपूर्वीच दिसलं होतं, आणि तेव्हा विचारलं असतं तर पुढच्या दोन शुक्रवारी याच उंदरांची साखर नीट मोजता आली असती. आता नव्या उंदरांची मंजुरी यायला सहा महिने लागणार होते आणि नाव सोमवारी जाणार होतं.

“तरवड हरला न्हाई, सर,” अदिबा म्हणाली. “त्याची तपासणीच झाली न्हाई.” मग ती पंचशीलाकडं वळली. “चोरून वही कशाला बघितलीस गं? मागितली असतीस तर दोघींच्या वह्या शेजारी ठेवून बघितल्या असत्या. मीच म्हणले असते, तुझी गोळी कावून चालंना?”

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! पंचशीलाला वाटलं, हिनं भांडावं, दोन शिव्या द्याव्यात, पण हे असं चांगलं वागू नये. त्यातही हीच पुढं.

संध्याकाळी ती रिकाम्या पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या काढत होती. डोळ्यांचं पाणी थांबेना. मावशी पिंजरे धुता धुता थांबल्या आणि पदराला हात पुसत जवळ आल्या.

“रडू नका, ताई. तुमची उंदरं तरी खाऊन गेली. अदिबाताईची बिचारी उपाशीच गेली.”