हवे तेवढे बॉल

टोबिन हॅस्केल नेब्रास्कातल्या कॉलेजात बेसबॉल खेळायचा तेव्हा शुक्रवार त्याचा असायचा. आठवड्याच्या मालिकेतला पहिला सामना शुक्रवारी होतो आणि तो संघातल्या सर्वांत चांगल्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, मिळतो. त्या दिवशी दुपारपासून त्याच्याशी कोणी बोलत नसे. आधी खांद्याला शेक, मग लांबवरून फेक, मग समोर बसून झेलणाऱ्या कॅचरला चाळीसेक बॉल, त्यातले शेवटचे पूर्ण जोराने. एवढं झाल्याशिवाय तो मैदानात पाऊल टाकत नसे.

व्यावसायिक संघाने त्याला घेतलं ते मात्र रिलीफ पिचर, म्हणजे सामन्यात मधेच उतरणारा बदली पिचर म्हणून. रिलीफ पिचरला शुक्रवार नसतो. कुंपणामागच्या बुलपेनमध्ये, म्हणजे बदली पिचरांच्या सरावाच्या जागेत बसायचं, मॅनेजरचा फोन वाजला की उठून घाईने हात गरम करायचा आणि दुसऱ्याने घातलेला घोळ निस्तरायला जायचं. कधी फोन तीनदा वाजतो आणि बोलावणं येतच नाही.

टोबिन प्रत्येक फोनला उठून शुक्रवारसारखेच पूर्ण जोराने बॉल टाकायचा. त्या संघाच्याच खालच्या दर्जाच्या संघांत, लहान गावांमध्ये, बसच्या लांब प्रवासांत त्याची पाच वर्षं गेली. त्याच्याबद्दलचं मत सगळीकडे एकच होतं : एक दिवस अप्रतिम, दुसऱ्या दिवशी हातात जीव नाही.

जुलैत मोठ्या लीगमधल्या मूळ संघाचा एक पिचर पाठदुखीने बसला आणि टोबिनला वर बोलावलं. मॅनेजरने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "तो बरा होऊन आला की तुमच्यापैकी एकच इथे राहील." टोबिनने बायकोला, कोरीनला, शब्द दिला होता की या वेळी खाली पाठवलं तर खेळ सोडायचा. जुन्या कॉलेजात सहायक कोचची जागा त्याच्यासाठी थांबली होती.

बुलपेनमध्ये जो सर्वांत नवा, त्याने खाऊची पिशवी वाहायची, अशी रीत आहे. पिशवी लहान मुलींची, गुलाबी, तिच्यावर पंखवाला घोडा. ती पाठीला लावून टोबिन रोज हजारो लोकांसमोरून मैदान ओलांडायचा.

"काय रे कॉलेजकुमार, आंबट गोळ्या कुठायत?" व्हर्नन स्प्राउल विचारायचा. तो बुलपेनमधला सर्वांत जुना.

"तळाशी आहेत, व्हर्न."

"तळाशी? बसमध्ये पाच वर्षं काय शिकलास तू?"

दुसऱ्याच आठवड्यात एका सामन्यात फोन दोनदा वाजला, टोबिन दोनदा उठला आणि दोनदा बसला. तिसऱ्यांदा बोलावणं आलं. त्याच्या बॉलवर लागोपाठ दोन होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर फटके बसले आणि सामना गेला.

दुसऱ्या दिवशी स्प्राउल सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत शेजारी येऊन बसला. "काल तू दोन सामने खेळलास. पहिला इथे. काय बॉल टाकलेस! मी टाळ्याच वाजवणार होतो."

"पूर्ण तयार नसताना आत कसा जाऊ?"

"पूर्ण तयार कोण असतं रे? मी लग्नालासुद्धा नव्हतो."

"म्हणूनच तिसरं चालू आहे," फोनजवळ बसलेले बुलपेन कोच डुआर्ते म्हणाले.

"तुम्ही फोन बघा, कोच." स्प्राउल टोबिनकडे वळला. "हे बघ, खांदा मोकळा झाला की थांबायचं. जोराचे बॉल बॅटरसाठी असतात. ते इथे वाटत बसू नकोस."

टोबिनला पटलं होतं, पण पटणं आणि हात थांबणं यांत फरक होता. पुढच्या फोनलाही त्याने दोन-तीन बॉल जास्तच टाकले.

पाठदुखीवाला पिचर सोमवारी परतणार होता. रविवारी दुपारी संघ एका धावेने पुढे होता. नऊपैकी सातवी इनिंग, बाद करायच्या तिघांपैकी एक जण बाद, प्रतिस्पर्ध्यांचे दोन धावक मैदानात. तेवढ्यात टोबिनच्या संघाच्या पिचरने बॉल टाकला आणि कोपर धरून तो खाली बसला. बुलपेनमध्ये कोणीच हात गरम केलेला नव्हता. फोन वाजला. डुआर्तेंनी ऐकून घेतलं आणि टोबिनसाठी दार उघडलं.

एरवी आत आलेल्या पिचरला सरावाचे मोजके बॉल मिळतात. आधीचा पिचर जखमी होऊन गेला असेल तर मात्र मर्यादा नसते. पंच म्हणाले, "हवे तेवढे टाक. घाई नाही."

गच्च भरलेलं स्टेडियम त्याच्यासाठी थांबलं. कॉलेज सुटल्यापासून कोणी त्याच्यासाठी असं थांबलं नव्हतं. त्याने सावकाश सुरुवात केली. खांदा हळूहळू मोकळा झाला, बोटांना बॉलच्या शिवणीची ओळख पटली. आता जोराचे टाकायचे, असं हात सांगू लागला. टोबिनने बॉल ग्लोव्हमध्ये दाबला आणि पंचांकडे बघून मान हलवली.

कॅचर धावत आला. "झालं? टाक की अजून, फुकट आहेत."

"नकोत."

"नक्की?"

"नक्की. जा तू."

पहिला बॉल मातीत आपटला. कॅचरने तो छातीवर अडवला आणि धावक जागीच राहिले. पुढचे तीन त्याने पूर्ण जोराने टाकले. बॅटरने तिन्ही वेळा बॅट फिरवली, ती तिन्ही वेळा उशिरा, आणि तो बाद झाला. दुसऱ्या बॅटरने उंच, लांब फटका मारला. डावीकडचा खेळाडू मागे मागे जात भिंतीला टेकला आणि त्याने तो झेलला. बॉल हातभर पुढे गेला असता तर सामना हातचा जात होता. पुढच्या दोन इनिंग स्प्राउलने आणि आणखी एकाने सांभाळल्या.

सामना संपल्यावर टोबिन बुलपेनमध्ये पिशवी न्यायला आला. डुआर्ते मॅनेजरशी फोनवर बोलत होते. त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि स्प्राउलकडे बघून मान डोलावली.

स्प्राउलने पिशवीत हात घालून तळ चाचपला. "आंबट गोळ्या संपल्यात. उद्या जास्त आण."

"उद्या?" टोबिनने विचारलं.

"मग काय मी आणू? इथे सर्वांत नवा कोण आहे?"

टोबिनने पिशवी पाठीला लावली. बाहेर पडायच्या आधी त्याने कोरीनला फोन केला.