तिच्या वाटणीची गोळी

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात दुपारच्या सुट्टीत नर्स साठीपुढच्या कामगार बायकांचं ब्लडप्रेशर तपासत होती. कोणी डोंगराकडची, कोणी किनाऱ्यावरची, कोणी परमुलखातून आलेली. भाषा निराळ्या, देव निराळे. फुशारकी मात्र एकच. "आमच्या लोकांत बायकांना हार्टबिर्ट काही होत नाही, हो!" घरच्या पुरुषांनी पढवलेलं हे वाक्य ऐकून ऐकून नर्सचे कान किटले होते.

इस्त्रीवाल्या मावशींचा आकडा एकशे नव्वदच्या वर गेला. जबडा ठणकत होता, अंगाला दरदरून घाम.

"मावशी, गोळी रोज घेता ना?"

"ह्यांची संपली की माझी देते त्यांना. कर्त्या माणसाला आधी नको का?"

नर्सने ॲम्ब्युलन्स बोलावली. तेवढ्यात मावशी "घरी विचारून येते" म्हणून मागच्या गल्लीतल्या घराकडे निघाल्यासुद्धा. नर्स मागोमाग धावली.

नवरा, निवृत्त ड्रायव्हर, ताटावर बसला होता. शेजारी मुलगा.

"गॅस धरलाय तिला," नवरा म्हणाला. "बाईमाणसाला कसला आलाय हार्ट!"

"गाडी दारात येतेच आहे, काका!"

"उभी राहू दे की. आधी वाढू दे तिला."

आणि मावशी वाढायला वाकल्या. वाकल्या त्या ताटापाशीच कोसळल्या. नर्स त्यांची छाती दाबू लागली. हा गृहस्थ मात्र आधी हात धुवायला गेला. लिहितानाही शिसारी येते.

गाडी इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"एवढं होतं तर आधी सांगायचं ना!" मुलगा उलट नर्सवरच खेकसला.

सोमवारी नर्सने कारखान्यातलं एक कपाट रिकामं केलं. "गोळ्या इथे ठेवायच्या. रोज माझ्यासमोर गिळायच्या."

किनाऱ्यावरची थोराड आजी आधी पुढे झाली. तिनेही आठ दिवस आपली गोळी नवऱ्यालाच दिली होती.

"घरी विचारलं, तर संपल्या म्हणून सांगा," नर्स हळूच म्हणाली.

"खोटं कशाला बोलू?" आजीने गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी प्यायली. "माझी होती, मी खाल्ली, असंच सांगेन."